ताज्या हवेची मूठ

११ मार्च

आज जॅव्हलिन गाडी खोलायला घेतली. कुठला बोल्ट कुठून काढला हे लिहून ठेवलं नाही तर परत बसवताना घोळ होतो, म्हणून ही वही आणली. पुढचा बंपर काढला. बोल्ट अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले आणि प्रत्येक खळग्याला चिठ्ठी लावली. मग तेलाने चिठ्ठ्या पुसल्या जातील अशी भीती वाटली, म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी लावली. बंपर निघाला एवढ्याशा वेळात. चिठ्ठ्यांना दुपार गेली.

गाडी डॅडची आहे. १९७३ची, नारिंगी, आठ सिलिंडरची, चार गियरची. ती इथेच केनोशाच्या मोटार कारखान्यात बनली आणि तिचा गियरबॉक्स डॅडनी स्वतः बसवला, कारण कारखान्याच्या लाइनवर त्यांचं कामच ते होतं. आपली गाडी आपल्यासमोर आली तेव्हा फोरमनने बोल्ट आवळायला थोडा जास्त वेळ दिला, असं ते सांगतात. जीनो अंकल म्हणतात, दिला नाही, व्हर्नने घेतला, आणि मागे सगळी लाइन तुंबली. जीनो अंकल आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. त्याच लाइनच्या शेवटी ते इंजिनं सुरू करून ऐकायचे. बिघाड कानाने ओळखायचे.

निवृत्त झालो की गाडीला हात घालू, असं डॅड म्हणायचे. निवृत्त झाले आणि जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, हातही बराचसा आला. डाव्या पायात जोर आला नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवायला हरकत नाही, पण ऑटोमॅटिक. डॅड म्हणाले, "ऑटोमॅटिकमध्ये मी जाईन. मागच्या बाजूला. आडवा." डॉक्टरांना ते कळलं नाही. शववाहिकेबद्दल बोलतायत, असं मॉमने त्यांना समजावून सांगितलं.

तेव्हापासून डॅड स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसतात. मॉमच्या ब्यूइक गाडीला हात लावत नाहीत, ती ऑटोमॅटिक आहे म्हणून. शुक्रवारी मासे खायला क्लबात जायचे, तेही बंद. परवा जेवताना म्हणाले, "जॅव्हलिन विकून टाक. जी गाडी मला चालवता येत नाही ती माझ्या गॅरेजमध्ये नको."

मी म्हणालो, "आधी दुरुस्त करतो. मग विकू."

"उन्हाळ्यापर्यंत. आणि मला दाखवायला आणू नकोस."

नंतर भांडी पुसताना मॉम हळूच म्हणाली, "माझे वडील असेच खिडकीशी बसले होते, टॉड. दोन हिवाळे बसले."

तिसऱ्या हिवाळ्याचं ती बोलली नाही.

१९ मार्च

चालकाच्या बाजूचा गालिचा उचलला. खालचा पत्रा बोटाने दाबून पाहिला, तर बोट आरपार गेलं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटून बसतं. कुजलेला भाग कापून काढला. आता सीटवर बसलं की गॅरेजची जमीन दिसते.

शाळेत वेल्डिंगचा वर्ग दुपारी असायचा आणि मी बहुतेक वेळा जेवणाच्या सुट्टीतच घरी यायचो. अकरावीनंतर तर गेलोच नाही. वेल्डिंग मला जीनो अंकलनी शिकवलं. माझा जोड बघून ते म्हणाले होते, "कबुतर घाण करतं तसं दिसतंय, पण तुटणार नाही." गोठवलेल्या पिझ्झाच्या कारखान्यात माझं काम खोकी बंद करण्याचं आहे. त्यात जोड दिसत नाहीत.

२ एप्रिल

नवा पत्रा बसला. पुढच्या चाकांना जुन्या ड्रमच्या जागी डिस्क ब्रेक लावले. ठिणगीसाठी नवी इलेक्ट्रॉनिक जुळणी बसवली. विकायचीच असेल तर एवढं कशाला, असं मॉमने विचारलं. मी म्हणालो, घेणाऱ्याला थांबता तर यायला हवं.

पेडलं घासून साफ करताना क्लचच्या पेडलाकडे बघत बसलो. रबराचा डावा कोपरा झिजून गुळगुळीत झालाय. डॅड पाय तिरका ठेवतात. तो कोपरा बघून मला एक कल्पना सुचली. ती इथे लिहायलाही भीती वाटते.

गाडीत ऑटोमॅटिक गियरबॉक्स बसवायचा. पण क्लचचं पेडल जागेवर ठेवायचं. गियरची दांडीही ठेवायची. दोन्ही कशालाच जोडायची नाहीत.

डॅडनी जन्मभर गियरबॉक्स बसवले. त्यांना हे कळणार नाही असं मानणं मूर्खपणाचं आहे. पण दुसरं काही सुचत नाही.

९ एप्रिल

शहराबाहेरच्या भंगारवाल्याकडे जॅव्हलिनच्याच कंपनीची एक स्टेशन वॅगन मिळाली. झाड पडून छत चेपलंय, पण खालून धडधाकट. इंजिन आमच्या गाडीसारखंच, म्हणजे तिचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स आमच्या इंजिनाला नीट लागतो. तिथल्या बाईने विचारलं, "कशात घालणार?"

"जॅव्हलिनमध्ये."

"तुझ्याकडचा ऑटोमॅटिक गेला का?"

"नाही. चार गियरचा आहे. चांगला आहे."

"लोक उलटं करतात, बाळा," ती म्हणाली आणि पावती फाडली.

१६ एप्रिल

पकडला गेलो. जीनो अंकल न सांगता आले. दोन्ही गियरबॉक्स जमिनीवर शेजारी शेजारी होते आणि माझ्या हातात झाकायला एकच पोतं होतं.

"हे काय?"

"गियरबॉक्स."

"ते मला दिसतंय. दोन का आहेत?"

खोटं पटकन सुचत नाही, म्हणून खरं सांगितलं. ते उपड्या बादलीवर बसले. "व्हर्नच्या गाडीत ऑटोमॅटिक," ते म्हणाले. चर्चमध्ये कुत्रा शिरलाय असं सांगावं तसा आवाज होता. "आणि क्लच?"

"पेडल राहील. जोडलेलं नसेल."

"दांडी?"

"तीही राहील."

"म्हणजे व्हर्न पेडल दाबणार, दांडी हलवणार, आणि गाडी तिला हवं तेच करणार."

"हो."

"माझा संसार असाच चाललाय," ते म्हणाले.

मी विचारलं, "तुम्ही डॅडना सांगणार नाही ना?"

"मी? लेका, मी कारखान्यात संपाची तारीख पोटात ठेवली होती. बायकोलासुद्धा कळू दिली नाही."

त्यांनी मला ऑटोमॅटिक जॅकवर चढवायला मदत केली. एकट्याने जमलं नसतं. मग हात धुऊन आत गेले आणि डॅडजवळ बराच वेळ बसले. थोड्या वेळाने डॅडचं हसणं गॅरेजपर्यंत ऐकू आलं. जानेवारीनंतर पहिल्यांदाच. जीनो अंकलना विनोद चांगले सांगता येतात.

जुना गियरबॉक्स तळघरात मोठ्या फ्रीजरच्या मागे ताडपत्रीखाली ठेवलाय. तिथे कुणी जात नाही.

३० एप्रिल

ऑटोमॅटिक बसला. गियरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा लांबीला जमत नव्हता, तो कापून घेतला. ऑटोमॅटिकचं तेल तापतं, ते थंड करायला रेडिएटरपुढे एक छोटी जाळी बसवली आणि तिला दोन नळ्या जोडल्या.

आता खरी अडचण. ऑटोमॅटिकलासुद्धा पुढे, मोकळं आणि मागे हे सांगावं लागतं. त्यासाठी दांडी लागते. आणि डॅडची दांडी तर चार गियरच्या जागांमध्ये फिरणारी आहे. ती मी तिच्या स्प्रिंगांसकट एका लोखंडी पट्टीवर बसवलीय. हलते छान, खट्‌ असा आवाजही येतो. पण ती कुणाशीच बोलत नाही.

विचार करून डोकं दुखतंय. हे फसवणं आहे का, हाही विचार करतो. आहे. पण डॅड खिडकीशी बसलेत.

७ मे

नशीब कधी कधी साथ देतं. डॅड आज काठी घेऊन तळघरात उतरले. मी घाबरून मागोमाग गेलो, फ्रीजरच्या आणि त्यांच्या मधे उभा राहिलो. ते फळीवरचं सामान चाळत होते.

"काय शोधताय?"

"काही नाही. पसारा आवरतोय." त्यांनी बोटीच्या मोटारीची जुनी केबल काढून माझ्या हातात दिली. "ही फेकून दे. खेचलं की खेचते, ढकललं की ढकलते. आता कशाला लागणार."

मी केबलकडे बघितलं. जाड, दोन्ही बाजूंनी जोर घेणारी, टोकाला काळी मूठ. नेमकी हीच हवी होती.

"फेकतो," मी म्हणालो.

"तेल घालून फेक," डॅड म्हणाले आणि वर गेले. झटक्यानंतर ते कधी कधी असं असंबद्ध बोलतात. मॉमला सांगायला हवं.

२१ मे

केबल बसवली. मूठ स्टीअरिंगच्या डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली येते. मधे असली की मोकळं, खेचली की पुढे, पूर्ण ढकलली की मागे. शेजारीच गाडीची बाहेरची हवा आत घेण्याची मूळ मूठ आहे, त्यामुळे दोन मुठी एकासारख्या एक दिसतात. नव्या मुठीवर 'ताजी हवा' अशी पट्टी लावली. पट्टी किंचित तिरकी बसली. काढून परत लावली. परत तिरकी बसली.

मॉम गॅरेजमध्ये कपडे वाळत घालायला आली आणि म्हणाली, "दांडीच्या बुडाशी कातड्याची पिशवी लागेल ना, आतलं दिसू नये म्हणून? मी शिवून देते." मी तिला काही सांगितलेलं नाही. तिला धूळ आत जाईल असं म्हणायचं असावं.

११ जून

आज डॅड गॅरेजमध्ये आले. मी बोलावलं नव्हतं. दारात काठीवर रेलून उभे राहिले आणि गाडीकडे बघत राहिले. मी पुढचा भाग पुन्हा नारिंगी रंगवलाय, जुन्या रंगाशी जुळवायला फार त्रास झाला. त्यांनी रंगाबद्दल काही म्हटलं नाही. रेडिएटरपुढे वाकले.

"ही जाळी कसली?"

हा प्रश्न येईल हे मला माहीत होतं, उत्तर तयार होतं. "किडे अडवायला."

"नळ्या आहेत तिला."

त्याचं उत्तर तयार नव्हतं. "आधाराला," मी म्हणालो.

"बरोबर. आपल्याकडे किडे फार," डॅड म्हणाले.

मग दार उघडून चालकाच्या जागी बसले. डावा पाय हाताने उचलून आत घेतला. दांडीवर हात ठेवला, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असा फिरवला. आवाज छान आला. मी भराभर बोललो: नवीन प्रकारचा क्लच बसवलाय, अगदी हलका. थोडा उशिरा दाबला, अर्धवट दाबला, तरी गियरबॉक्सला काही होत नाही.

"उशिरा दाबला तरी?"

"हो."

"आणि दाबलाच नाही तर?"

"दाबायला हवा," मी म्हणालो.

"हं. चमत्कारच आहे. आणि ही मूठ?"

"ताजी हवा. निघताना खेचायची. मागे घेताना आत ढकलायची. थांबलं की मधे ठेवायची."

"नाहीतर?"

"काचेवर वाफ धरते."

डॅडनी तोंडावरून हात फिरवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्यांना दमल्यासारखं झालं असावं. मी पाणी आणू का विचारलं. ते म्हणाले, नको, किल्ली आण.

११ जून, पुढे

गाडी घराजवळच्या रस्त्यांवरून एक चक्कर मारून आली. मी शेजारी बसलो होतो, पण मला फारसं आठवत नाही. कोपऱ्यावर वळताना डॅड शीळ घालत होते, हे आठवतंय. मॉम पायरीवर भांडी पुसायचं फडकं घेऊन उभी होती. परत आलो तेव्हाही तशीच होती.

डॉक्टरांनी परवानगी ऑटोमॅटिकची दिलीय, म्हणजे कायद्याने सगळं व्यवस्थित आहे. डॅडना हे माहीत नाही. त्यांना वाटतंय आपण नियम मोडतोय. म्हणूनच बहुतेक इतके खूष आहेत.

त्यांना काहीही कळलं नाही.

१८ जून

एक धोका टळला. डॅड म्हणाले, "क्लच फार हलका आहे. कुणी बसलं तर लगेच म्हणेल, हे काय पेडल आहे की पायपुसणं. स्प्रिंग लाव."

त्यांना संशय आला असं मला वाटलं. पण ते फक्त स्प्रिंगबद्दलच बोलत होते. जाळीच्या दाराची स्प्रिंग काढून लावली. आता जाळीचं दार उघडंच राहतं. ते लावून ठेवायला मॉमने तिथे वीट ठेवली.

शुक्रवारी डॅड गाडी घेऊन मासे खायला क्लबात गेले. जीनो अंकल बरोबर होते. परत आल्यावर जीनो अंकल मला म्हणाले, "तुझे वडील गियर बदलतात तेव्हा मला रडू येतं." मी विचारलं, का? ते म्हणाले, सुंदर बदलतात.

२ जुलै

मला एका गोष्टीची काळजी वाटते. ऑटोमॅटिकला तीनच गियर आहेत. डॅड दांडी चौथ्यात टाकतात तेव्हा इंजिनाचा आवाज बदलत नाही. पहिल्या दोन बदलांना मात्र योगायोगाने सगळं जुळतं. डॅड पेडल दाबतात, त्याच वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलतात, आणि ऑटोमॅटिक नेमका तेव्हाच पुढचा गियर घेतो. पहिल्या आठवड्यात जुळत नव्हतं. आता रोज जुळतं. गाडी रुळली असावी.

चौथ्याबद्दल मी घाबरत घाबरत विचारलं, "चौथा कसा वाटतो?"

डॅड म्हणाले, "आयुष्यात इतका मऊ चौथा मी पाहिला नाही. टाकलाय हे कळतसुद्धा नाही."

क्लचला अजून जड स्प्रिंग हवी म्हणाले. लावली.

२८ जुलै

उद्या जुन्या कामगारांचा मेळावा. दरवर्षी सरोवराकाठी भरतो. कारखान्यातून गाड्या बाहेर पडणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण गाड्या आणि माणसं अजून येतात. गाडी ठोकळ्यांवर पडून होती म्हणून डॅड गेली दोन वर्षं गेले नव्हते. उद्या जॅव्हलिन घेऊन जाणार म्हणतात.

मी गाडी पुसत होतो तेव्हा जीनो अंकल कुंपणावरून म्हणाले, "उद्याच्या मोजणीचं काय केलंस?"

मी विसरलो होतो. लहानपणी दरवर्षी ऐकलंय आणि तरी विसरलो. मेळाव्यात शिरणारी प्रत्येक गाडी सरोवराकाठच्या सरळ रस्त्यावरून एकेक गियर टाकत येते. दोन्ही बाजूंना घडीच्या खुर्च्यांवर म्हातारे बसलेले असतात आणि गियर कानाने ओळखून मोठ्याने मोजतात. चार गियरची असेल तर चार. ऑटोमॅटिक असेल तर ते मोजत नाहीत. गप्प बसतात आणि आपल्या सँडविचकडे बघतात.

त्या खुर्च्यांवर इंजिन जोडणारे आहेत, इंजिन ऐकणारे आहेत आणि डॅडबरोबर गियरबॉक्स बसवणारे आहेत. बाहेर कुणाला फसवता येईल. तिथे नाही.

मी आत जाऊन म्हणालो, "उद्या जायला नको. ब्रेक मला बरोबर वाटत नाहीत."

डॅड बूट पॉलिश करत होते. म्हणाले, "ब्रेक उत्तम आहेत. तू लावलेत."

"पाऊस येईल."

"टॉड," ते म्हणाले, "बस जरा." मी बसलो. वाटलं, आता विचारणार. त्यांनी डावा बूट उजेडात धरून बघितला. "उद्या तू माझ्या शेजारी बस. मागे मॉम बसेल. बाकी माझ्यावर सोड."

त्यांचा स्वतःवरचा विश्वास बघून मला फार वाईट वाटलं.

२९ जुलै

जसं घडलं तसं लिहितो.

रस्त्याच्या तोंडाशी आमच्या पुढे एक हिरवी गाडी होती, ऑटोमॅटिक. ती गेली, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक गप्प होते. एकाने सँडविचचा कागद उलगडला. मग आमची पाळी आली. डॅडनी पेडल दाबलं, दांडी पहिल्यात टाकली, 'ताजी हवा' खेचली. खिडक्या उघड्या होत्या. मी डॅशबोर्ड धरला होता. मॉमने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी निघाली. खुर्च्यांवरून कुणीतरी म्हणालं, "एक."

डॅडनी पेडल दाबलं, पाय उचलला, दांडी ओढली. गियर बदलला. "दोन," आता आवाज जास्त होते.

गाडीने जोर घेतला. सरोवर डाव्या बाजूला होतं. डॅडनी दांडी वर आणि उजवीकडे नेली. "तीन."

आता चौथा. डॅडनी पेडल दाबलं, अगदी शेवटपर्यंत, त्या जड स्प्रिंगवर. पाय थरथरत होता, पण दाबला गेला. दांडी मागे ओढली. खट्‌ झालं. इंजिन होतं तसंच चालू राहिलं.

कुणी काही म्हणालं नाही. दोन्ही बाजूंना कितीतरी टोप्या, सगळ्या आमच्याकडे वळलेल्या. एका म्हाताऱ्याने शेजारच्याकडे बघितलं.

मग जीनो अंकलचा आवाज आला. ते बँडच्या मंचाजवळ खुर्चीवरून उठून उभे होते. साधं बोलावं तसं म्हणाले, "चार."

थोडं थांबून त्यांच्या पलीकडचा म्हणाला, "चार." मग रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनेही कुणीतरी म्हणालं. आणि मग सगळी रांग, आम्ही ज्यांना मागे टाकलं होतं ते आणि पुढे होते ते, सगळे एकदम म्हणाले, "चार." इतक्या मोठ्याने दिवसभरात कुठल्याच गाडीला म्हणाले नाहीत.

डॅड समोर बघत होते. त्यांचे डोळे ओले होते. खिडक्या उघड्या होत्या आणि सरोवरावरून वारा येत होता.

गाडी लावल्यावर लोक भोवती जमले. कुणीही इंजिनाचं झाकण उघडा म्हटलं नाही, दरवर्षी सगळ्यात आधी तेच म्हणतात. एकजण आत डोकावून म्हणाला, "व्हर्न, चार गियरची ना?"

डॅड म्हणाले, "चारची. पोराने बसवलाय."

"छान बसवलाय," तो म्हणाला आणि त्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मी परत परत विचार करतो. मला चौथा ऐकू आला नव्हता. इतक्या जाणकारांना ऐकू आला. याचा अर्थ आवाजात काहीतरी बदल होत असणार आणि माझेच कान कच्चे असणार. कसंही असो, कुणाला कळलं नाही.

२७ ऑगस्ट

विशेष काही नाही. गाडी विकण्याचं कुणी बोलत नाही. खिडकीपाशी आता मॉमची कुंडी आहे.

डॅड म्हणाले, अजून जड स्प्रिंग. मी म्हणालो, "आता मलाच दाबताना त्रास होतो."

"जुना क्लच किती जड होता ते मला आठवतंय. तितका हवा."

जीनो अंकलकडे त्याच काळातली दुसरी गाडी आहे. तिच्या पेडलाला स्प्रिंगकाटा लावून जोर मोजला आणि आमचा तितकाच केला. एखादी गोष्ट करायची तर बरोबर करावी.

८ ऑक्टोबर

डॅडच्या पायाचे व्यायाम घेणारी बाई चकित झाली. तिने मॉमला विचारलं, घरी काय करून घेता? मॉम म्हणाली, काही नाही, गाडी चालवतात. बाई म्हणाली, ऑटोमॅटिकमध्ये तर डाव्या पायाला कामच नसतं. मॉम म्हणाली, "आमच्या ऑटोमॅटिकमध्ये असतं." मी दारात उभा होतो. सुदैवाने डॅड तेव्हा बूट घालत होते आणि त्यांनी ऐकलं नाही.

१५ ऑक्टोबर

थंडी आली. रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी परत ठोकळ्यांवर चढवली. डॅडनी एक ठोकळा स्वतः सरकवला, डाव्या पायाने.

मग गॅरेजचं दार लावताना म्हणाले, "हिवाळ्यात काय करायचं ठरवलंय?"

"मागचा भाग रंगवायचा राहिलाय."

"रंग होईल. खालीही जरा हात घालू, तू आणि मी. मार्चपासून सुरू करू. तोवर पाय अजून बरा होईल."

मी म्हणालो, खाली सगळं ठीक आहे, काही बघायची गरज नाही.

"नसेलही," डॅड म्हणाले. "बघू."

त्यामुळे संध्याकाळी तळघरात गेलो. जुना गियरबॉक्स दुसरीकडे हलवावा असं वाटलं. फ्रीजर पुढे ओढला, ताडपत्री उचलली. गियरबॉक्स पुसून लख्ख केलेला होता. ताजं तेल घातलेलं, एकही थेंब बाहेर नाही. पुढच्या दांड्याला गंज धरू नये म्हणून त्याभोवती डॅडचा जुना बनियन गुंडाळून दोरी बांधलेली. शेजारी डब्यात क्लचची नवी प्लेट होती, कागदातून न काढलेली.

मॉमने केलं असणार. फ्रीजरमधून मटार काढताना तिला दिसलं असेल आणि गंजेल म्हणून तिने पुसून ठेवलं असेल. प्लेट भंगारवाल्या बाईने वॅगनच्या सामानात चुकून दिली असावी. मॉमला यंत्रांमधलं काही कळत नाही, तरी काम चांगलं केलंय. उद्या तिचे आभार मानायला हवेत.

ताडपत्री होती तशी घातली. दुसरी जागा शोधायलाच हवी. हे डॅडच्या नजरेला पडलं तर सगळंच संपेल.